फुकटची १६० एकर आणि सात वेळा हललेलं बिऱ्हाड

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षं होतायत. त्यानिमित्ताने तिकडच्या जुन्या गोष्टी व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागल्यात. त्यातली एक आमच्या मामांपर्यंत पोचली: 'तिथल्या सरकारने शेतकऱ्याला १६० एकर जमीन फुकट दिली, म्हणून तो देश पुढे गेला.' मामांचं रान आटपाडीच्या बाजूला. सहा एकर, त्यातलं दीड एकर ओलिताखाली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "पाणी हाय का तिथं? आन् ती जमीन आदी कुणाची हुती?"

तिथल्या इतिहासकारांनी याच दोन प्रश्नांवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत. मामांना चहा संपायच्या आत उत्तर हवं होतं. ते जमलं नाही, म्हणून हा लेख. सगळ्या देशाचा इतिहास सांगत बसण्यापेक्षा एकच कुटुंब घेऊ, इंगल्स नावाचं. नवरा-बायको, वाढत गेलेल्या पोरी आणि एक गाडी. १८६८ ते १८७९ या अकरा वर्षांत त्यांनी सात वेळा मुक्काम हलवला. जमीन फुकट मिळत होती, तर माणूस एवढा का फिरला?

आधी मोजणी समजून घेऊ

आपल्याकडे रानाचा आकार बांध ठरवतो आणि बांध ओढा ठरवतो. अमेरिकेने १७८५ मध्येच वेगळी रीत घातली. जमीन विकण्याआधी ती बुद्धिबळाच्या पटासारखी आखायची. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन. त्याचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्या तुकड्याची चौथाई म्हणजे १६० एकर. मध्ये टेकडी येवो की नदी, रेघ सरळच. आजही विमानातून तो भाग वहीच्या चौकटीच्या पानासारखा दिसतो.

१६० एकर म्हणजे जवळपास ६५ हेक्टर. बांधाने चालत एक फेरी मारायची तर सव्वातीन किलोमीटर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर भरली होती. आपल्या अठ्ठेचाळीस शेतकऱ्यांची जमीन एकाच्या नावावर, एवढा हा हिशेब. आकडा ऐकून डोळे विस्फारतात ते उगीच नाही.

ही चौथाई देणारा कायदा लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी मंजूर केला. त्याचं नाव होमस्टेड कायदा. होमस्टेड म्हणजे राहतं घर आणि भोवतीचं कसलेलं रान मिळून केलेला दावा. वय एकवीस किंवा घराचे कर्ते असायला हवं. एकट्या बाईलाही दावा करता येई, नागरिक व्हायचं ठरवलेल्या परदेशी माणसालाही. नोंदणीचे सगळे मिळून १८ डॉलर भरायचे, तिथे पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, मग साक्षीदार घेऊन कचेरीत पुरावा द्यायचा आणि पट्टा न्यायचा. त्याआधी, १८४१ पासून, दुसरी एक सोय होतीच: आधी वस्ती करा, मग सरकारी भावाने, म्हणजे एकरी सव्वा डॉलरने, खरेदीचा पहिला हक्क तुमचा.

हा कायदा १८६२ मध्येच का झाला? कारण दक्षिणेकडच्या राज्यांचा त्याला विरोध होता. फुकट जमिनीवर लहान शेतकरी बसले की गुलामांकडून कसून घेतलेल्या मोठ्या मळ्यांचं वजन कमी होणार, ही त्यांची भीती. ती राज्यं फुटून युद्धाला उभी राहिली, संसदेतल्या त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि कायदा पास झाला. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला आणि इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो भाव कोसळला. पुढे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची खतं जाळली गेली, त्या दंग्यांची एक मुळी इथपर्यंत येते.

गाडी निघाली

चार्ल्स इंगल्स न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, बायको कॅरोलाइन विस्कॉन्सिनची. १८६० मध्ये लग्न. १८६३ मध्ये चार्ल्सने मेव्हण्याबरोबर विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावाजवळ १६० एकर विकत घेतली. हे जंगल होतं, झाडं तोडून वावर काढायचं. मेरी आणि लॉरा या दोन मुली तिथेच झाल्या. यातली लॉरा पुढे लेखिका झाली, आणि घरच्या याच गोष्टींवरच्या तिच्या कादंबऱ्या गाजल्या. १८६८ मध्ये त्यांनी आपला हिस्सा गुस्ताफसन नावाच्या एका स्वीडिश माणसाला हप्त्यांवर विकला. या हप्त्यांची आठवण ठेवा. मिसूरीत काही काळ काढून १८६९ मध्ये कुटुंब कॅन्ससला पोचलं. पेपिनपासून ते अंतर मुंबई-नागपूरएवढं आहे.

गाडीचा साटा साधारण चार फूट रुंद आणि दहा फूट लांब. वर वाकवलेल्या लाकडी कमानी, त्यांवर जवसाचं तेल पाजलेलं जाड कापड. ऊसतोडीला निघालेल्या गाडीवर कोपीचं सगळं सामान, भांडी आणि पोरं कशी रचलेली असतात ते ज्याने पाहिलंय, त्याला आणखी वर्णन नको. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तर चांगली मजल. पीठ, खारवलेलं मांस, कुऱ्हाड, बंदूक आणि चार्ल्सचं फिडल, म्हणजे व्हायोलिन. एवढ्या तंगीत फिडल कशाला, असं कुणालाही वाटेल, पण ते त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

"ती जमीन आदी कुणाची हुती?"

ओसेज लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची. आणि 'आधी' नाही, तेव्हाच. इंगल्स कुटुंबाने कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी काउंटीत लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं, ती जमीन सरकारच्याच करारानुसार ओसेज जमातीची राखीव जमीन होती. तिथे होमस्टेड लागूच नव्हता. १८७० च्या जनगणनेला आलेल्या माणसाने कुटुंबाची नावं लिहिली, पण जमिनीची किंमत लिहिली नाही. जमीन ओसेजांची असून या लोकांकडे मालकीचा कागद नाही, अशी नोंदच त्या भागाच्या याद्यांवर आहे. म्हणजे आपल्या भाषेत अतिक्रमण.

मग एवढे लोक तिथे बिनधास्त कसे बसले? कारण त्यांचा आडाखा होता की आपण आधी बसलो की सरकार मागून कायदा करेल. तो बरोबर ठरला. ओसेज लोक बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्यांच्या, शिकारीवरून परत यायचे तेव्हा ओढ्याकाठची त्यांची झाडं तुटलेली आणि तिथे नवी घरं उभी. खुद्द सरकारचा अधिकारी वरिष्ठांना तक्रारी लिहीत होता. जुलै १८७० मध्ये संसदेने ठरवलं: ओसेजांनी दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं आणि ही जमीन बसलेल्या लोकांना सव्वा डॉलर एकरी विकावी. तिकडची नवी जमीन ओसेजांनी विकत घेतली, पैसा त्यांचा स्वतःचा. त्या खडकाळ जमिनीखाली पुढे तेल निघालं, आणि त्या तेलापायी १९२० च्या दशकात ओसेजांचे खून पडले, ती वेगळीच भयंकर कहाणी.

म्हणजे 'मोकळी जमीन' हा शब्द आधी मोकळी केलेली जमीन असा वाचायचा. यावर एक आक्षेप येतो: गरीब शेतकऱ्याला काय माहीत, तो तर सरकारच्या भरवशावर गेला. अर्धंच खरं. नकाशे होते, वर्तमानपत्रं होती, आणि ओसेज तर दारातच येत-जात होते.

त्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं घर हिवतापाने आडवं झालं. ओढ्याकाठचे डास, पण तेव्हा लोक दोष कलिंगडाला देत. उपचार करायला आले डॉक्टर टॅन, शेजारीच राहणारे कृष्णवर्णीय डॉक्टर. यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झालेली, हे ध्यानात घेतलं तर त्या एका भेटीत केवढा बदल दिसतो.

आणि गंमत पाहा. जमीन कायदेशीर विकत घ्यायची वेळ आली, १६० एकरांचे फक्त २०० डॉलर, तेव्हाच हे लोक निघून गेले. कारण ते हप्ते. गुस्ताफसनला पैसे फेडता आले नाहीत, पेपिनची जमीन परत गळ्यात पडली. १८७१ मध्ये गाडी आली तशी उलटी फिरली.

फुकट, म्हणजे किती डॉलरला?

पेपिनची जमीन पुन्हा विकून १८७४ मध्ये ते मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हला आले. आता झाडं तोडायची कटकट नव्हती, सपाट गवताळ माळ. पण हे गवत म्हणजे शेकडो वर्षं कधी न मोडलेलं, मुळ्यांचा गालिचा हातभर खोल. आपल्याकडे कुंदा माजलेलं रान काढताना जो घाम निघतो, तो आठवा आणि दसपट करा. त्याला पोलादी फाळाचा खास नांगर आणि दमदार जनावरं लागायची.

घर? ओढ्याच्या दरडीत कोरलेली एक खोली. पुढची भिंत गवताच्या ढेपांची, छप्पर फांद्यांवर माती टाकून केलेलं. वर गवत उगवलेलं असल्याने बाहेरून घर आहे हे कळायचंही नाही. चरता चरता एका बैलाचा पाय छपरातून खाली घरात आला, असं लॉराने पुढे लिहून ठेवलंय.

नांगर, जनावरं, बी, विहीर, कुंपण आणि पहिलं पीक येईपर्यंतचं खाणं, असा सगळा मेळ घालायला हजार डॉलरपर्यंत खर्च येई, असा अंदाज इतिहासकार देतात. तेव्हा मजुराला दिवसाचा डॉलरभर मिळे. लग्नात सासऱ्याने गाडी फुकट दिली, पण डिझेल, विमा आणि ड्रायव्हर आपला, तसला हा प्रकार. शहरातला कंगाल मजूर म्हणूनच तिकडे फारसा जाऊ शकला नाही. गेले ते विकायला आधीची थोडी जमीन असलेले.

शिवाय रेल्वेजवळ पूर्ण १६० एकर फुकटही मिळत नसे. सरकारने रेल्वे कंपन्यांना रूळ टाकण्याच्या बदल्यात जमिनी दिल्या, सगळ्या मिळून सुमारे १३ कोटी एकर. बुद्धिबळाच्या पटातली पांढरी घरं कंपनीची, काळी सरकारची. आणि काळ्या घरांचा भाव दुप्पट, एकरी अडीच डॉलर. चार्ल्सची ओढ्याकाठची १७२ एकर त्या पट्ट्यात पडली. फुकटची पूर्ण १६० एकर हवी तर रुळांपासून लांब जा, मग गहू बाजाराला न्यायचा कसा?

टोळ

२०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली होती. थाळ्या वाजवणारी माणसं आणि फवारे मारणारे बंब टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. मिनेसोटात १८७३ ते १८७७ अशी सलग पाच वर्षं ती आली. १८७५ मध्ये नेब्रास्का राज्यात दिसलेल्या एका टोळधाडीची लांबी तेव्हाच्या निरीक्षकाने अंदाजाने १८०० मैल धरली होती. उभा गहू तर गेलाच, वर मातीत अंडी, म्हणजे पुढच्या सालचंही पीक गेलं.

चार्ल्सने गव्हावर भरवसा ठेवून उधारीवर लाकूड आणलं होतं, चांगलं घर बांधलं होतं. टोळांनी शेत साफ केल्यावर तो रोजगार शोधत पायी पूर्वेला गेला, दुसऱ्यांच्या सुगीत राबायला. १८७५ च्या अखेरीला त्याने एका सरकारी कागदावर सही केली: माझ्याकडे काहीही साधन नाही. त्या सहीवर मिळालं काय, तर पिठाची दोन अर्धी पिंपं, किंमत ५ डॉलर २५ सेंट. सुप्याचा दंगा याच वर्षीचा. पिठासाठी स्वतःला कंगाल म्हणून लिहून द्यावं लागलं, ही गोष्ट लॉराच्या पुढच्या लिखाणात कुठेच नाही. काही गोष्टी घरातही बोलल्या जात नसाव्यात.

१८७६ मध्ये त्याने ती जमीन अडीच डॉलरच्या भावाने सरकारकडून रीतसर घेतली आणि लगेच ४०० डॉलरला विकून टाकली. कुटुंब आयोवातल्या बर ओक गावी एका खाणावळवजा हॉटेलात कामाला निघालं. वाटेतच, नातलगांकडे थांबले असताना, नऊ महिन्यांचा एकुलता मुलगा गेला. बर ओकमध्ये वर्षभर हातातोंडाची गाठ पडली नाही आणि शेवटी भाडं थकवून एका रात्री गाडी जुंपून ते पुन्हा वॉलनट ग्रोव्हला निघून आले. लॉराच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत बर ओकचं नावही नाही.

तो टोळ आज नामशेष आहे. शेवटचा जिवंत १९०२ मध्ये सापडला. त्याच्या अंडी घालायच्या डोंगरखोऱ्यांत शेतकऱ्यांनीच नांगर घातले आणि न ठरवता त्याचा निकाल लावला, असं काही कीटकशास्त्रज्ञ मानतात.

"पाणी हाय का तिथं?"

१८७९ मध्ये चार्ल्सला रेल्वेच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि शेवटचा मुक्काम ठरला: डकोटा. त्याच वर्षी मेरीची दृष्टी आजारपणात गेली होती. पुढच्या फेब्रुवारीत चार्ल्सने खराखुरा होमस्टेड नोंदवला. रुळांच्या कडेला डी स्मेट हे गाव वसलं. १८८० च्या ऑक्टोबरात हिमवादळ आलं आणि मग ते येतच राहिलं. जानेवारीपासून मेपर्यंत आगगाडी आलीच नाही. कोळसा संपला, तेव्हा गवताचे पीळ घालून जाळले. पीठ संपलं, तेव्हा कॉफी दळायच्या हातयंत्रात गहू दळला, आळीपाळीने, दिवसभर.

पण बर्फ म्हणजे पाऊस नव्हे. साधारण शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहून, म्हणजे ५०० मिलिमीटरहून कमी पाऊस. डी स्मेट त्या रेषेच्या थोडं अलीकडे, म्हणजे एक साल बरं, एक साल कोरडं. माण-खटाव-आटपाडीच्या माणसाला हे समजावायला नको. त्या वेळी मात्र 'नांगरामागून पाऊस येतो' असं छापून सांगितलं जात होतं. जमीन नांगरली की हवेत ओल वाढते आणि ढग जमतात म्हणे! जॉन वेस्ली पॉवेल या सरकारी भूशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच अहवालात सांगितलं होतं की कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही, चराऊ रानासाठी २५६० एकर द्या. ते कुणाला ऐकायचं नव्हतं. जमीन विकणाऱ्या रेल्वेला तर नाहीच.

"माणूसच फिरस्ता असेल"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि कादंबऱ्यांनीच तो पसरवलाय: बापाच्या पायाला भिंगरी, त्याला पश्चिम खुणावते. असेलही थोडं. पण तारखा ओळीने लावून पाहा. कॅन्सस सोडलं ते थकलेल्या हप्त्यांमुळे, मिनेसोटा टोळांमुळे, आयोवा भाड्यामुळे. डकोटा धरलं ते पगारामुळे. माझ्या मते यातली एकच हालचाल हौसेची म्हणता येईल, ती पहिली.

आणि हे घराणं अपवाद नव्हतं. होमस्टेडखाली सुमारे १६ लाख पट्टे दिले गेले, २७ कोटी एकरांचे, देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याचे. पण दावा नोंदवूनही पट्ट्यापर्यंत न पोचलेलेही लाखो होते.

चार्ल्स पोचला. १८८६ मध्ये पुरावा देऊन पट्टा घेतला. कागदोपत्री तो यशस्वी. मग त्याने काय केलं? गावात घर बांधलं, सुतारकाम धरलं, शेत विकून टाकलं आणि १९०२ मध्ये त्या गावातल्या घरातच वारला. गावात पोट भरत होतं, शेतात नव्हतं.

लॉराने १८८५ मध्ये शेजारच्याच होमस्टेडवाल्याशी, अल्मान्झो वाइल्डरशी लग्न केलं. आजारपण, आग, कर्ज आणि मग सलग कोरडी सालं. १७ जुलै १८९४ रोजी त्यांनी सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडी जुंपली, दक्षिणेला, मिसूरीकडे. लिहायच्या पेटीत शंभर डॉलरची एक नोट लपवलेली. लॉरा रोज वहीत ऊन किती, मका कसा आहे, ओट्स किती उतरले ते टिपत होती. रस्ता बिऱ्हाडांनी भरलेला, आणि गाड्या दोन्ही दिशांनी. मिसूरीत फिरून परत निघालेलं एक कुटुंब भेटलं. त्यांनी सांगितलं, तिकडे काही राम नाही, जाऊ नका.

यांची गाडी पुढेच गेली. ३० ऑगस्टला मॅन्सफिल्डला पोचून त्यांनी ४० एकर घेतली, उताराची, दगडगोट्यांची. पण खालच्या घळीत झरा होता.

हे मामांना वाचून दाखवलं. त्यांनी मान वर करून विचारलं, "बारमाही का?"